तहसीलचे काका

तहसील कचेरीत नवख्याला सगळ्यात आधी भेटतात ते तहसीलदार नव्हेत, शिपाईही नव्हेत, भेटतात काका. काका तिथले नोकर नाहीत आणि एजंट तर नाहीतच. एजंट म्हटलं की त्यांचा पारा चढतो. "एक रुपया घेतला असेल कुणाचा तर दाखवा!" खरंच घेत नाहीत. कधीकाळी सातबाऱ्यावर वारसनोंद लावून घ्यायला ते इथं आले. काम झालं, पण काका घरी गेलेच नाहीत.

नवखा माणूस त्यांना लांबूनच कळतो. फाईल छातीशी घट्ट धरलेली आणि एका खिडकीवर "इथं नाही, पलीकडं" ऐकून चेहरा पडलेला. लातूरहून पुण्यात नोकरीला आलेल्या अशाच एका पोराला त्यांनी हेरलं.

"कुठला रे तू?"

"लातूरचा, काका. मतदार यादीतलं नाव इकडं आणायचंय, रेशनचंही बघायचंय."

"आधी तिकडचं नाव कमी केल्याचा दाखला आण. मग घरमालकाचं संमतीपत्र, दोन शेजाऱ्यांचे जबाब आणि राजपत्रित अधिकाऱ्याची सही. बस, एवढंच."

वास्तविक मतदाराला पत्ता बदलायला नमुना 8 पुरतो, तोही मोबाईलवरून भरता येतो. गावच्या कार्डावरचं अन्नसुरक्षेचं धान्य शहरातल्या रेशन दुकानातही अंगठा लावून मिळतं. पण सरकारनं नियम ढिले केले म्हणून काकांनीही करावेत, असं कुठं आहे? सरकार एक कागद मागतं तिथं काका तीन मागतात. "असू दे जवळ" हे त्यांचं कलम, आणि त्यावर अपील नाही. झेरॉक्सवर आपली आपणच सही केली की बऱ्याच ठिकाणी भागतं, हे तर त्यांना मुळीच मान्य नाही. "स्वतःच्याच सहीनं स्वतःला खरं ठरवायचं? मग सरकार कशाला हवं?" ऑनलाईन अर्जालाही त्यांची हरकत नसते, फक्त त्याची प्रिंट दोन प्रतींत काढून खिडकीवर आणून द्यावी, एवढंच म्हणणं.

काका खरे बहरतात ते सर्व्हर डाऊन झाल्यावर. लिपिक हात वर करतो, रांग हवालदिल होते आणि काकांची सभा सुरू होते. कोणते साहेब कडक, कोणत्या टेबलाला सकाळीच गाठावं, जेवणाची सुट्टी कागदावर किती आणि खरी किती, सगळं तोंडपाठ. पिशवीत डिंक, टाचण्या, स्टॅम्पपॅड. पेन मागितलं तर लगेच देतात. टोपण मात्र स्वतःच्या हातात ठेवतात.

बरं, नुसती थट्टा करून सोडावं असेही ते नाहीत. लिहिता न येणाऱ्या म्हातारीचा निराधार योजनेचा अर्ज ते शेवटच्या रकान्यापर्यंत भरून देतात, अंगठा कुठं उठवायचा ते दाखवतात आणि लिपिक तिच्यावर खेकसला तर त्याच्यावर दुप्पट खेकसतात. हे काम खरं तर कचेरीनं कुणाला तरी नेमून करवून घ्यायला हवं होतं. ते फुकटात होतंय म्हटल्यावर कचेरी तरी कशाला मनावर घेईल?

फक्त एक घोळ आहे. महाराष्ट्रात 2015 पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. कोणती सेवा किती दिवसांत द्यायची, कुणी द्यायची, नाही दिली तर अपील कुणाकडं, हे कार्यालयानं फलकावर लावायचं असतं. विनाकारण दिरंगाई करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. आमच्या कचेरीत हा फलक आहे, आणि काका रोज नेमके त्यालाच पाठ टेकून उभे असतात.

तेव्हा काकांना नमस्कार करा, पेन घ्या आणि त्यांना जरा बाजूला सरकायला सांगा. फलक वाचा. आणि अर्ज दिल्यावर पावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. उद्या अपिलात जायची वेळ आली तर तिच्यावरचा क्रमांक लागतो.