मंजुरीवाचूनचा खर्च

ज्या मनुष्याने उमेदीची सारी वर्षे सरकारी हिशेब-तपासणीच्या खात्यात घालवली, ज्याच्या तांबड्या शाईने कित्येक मामलेदारांच्या आणि कार्यकारी अभियंत्यांच्या झोपा उडवल्या, आणि ‘या खर्चाची आवश्यकता स्पष्ट व्हावी’ हे एकच वाक्य ज्याने वेदमंत्राच्या निष्ठेने शेकडो प्रकरणांवर लिहिले, त्या मनुष्याला उतारवयात कोणत्या कलेचा नाद लागावा याविषयी समाजाच्या काही वाजवी अपेक्षा असतात. त्याने सकाळी एकतारीवरचे भजन ऐकावे; फार तर तंबोरा, तबला आणि पेटी एवढ्या मर्यादित आस्थापनेत भागणारा ख्याल ऐकावा. मी मात्र सिंफनिक मेटल नावाच्या संगीताच्या नादी लागलो आहे. विद्युत्-गिटारी, दोन्ही पायांनी एकाच वेळी बडवले जाणारे ढोल, व्हायोलिनांपासून तुताऱ्यांपर्यंत सर्व खात्यांनी सज्ज असा वाद्यवृंद, लॅटिन भाषेत गर्जणारा गायकसमूह, ऑपेराच्या तालमीतली एक गायिका आणि तिच्या शेजारी उभा राहून गुरगुरणारा एक इसम, इतक्या सर्वांची नेमणूक तेथे एकाच गाण्यासाठी केलेली असते आणि त्यांपैकी एकाचीही आवश्यकता कोणी कधी स्पष्ट केलेली नसते.

हे संगीत माझ्याकडे रीतसर अर्ज करून आले नाही. अभियांत्रिकी शिकणारा माझा नातू दिवाळीच्या सुटीत आला होता, आणि बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यांवरील माझी भक्ती पाहून, बहुधा थट्टेच्याच हेतूने, त्याने आपला हेडफोन माझ्या कानांवर चढवला आणि म्हणाला, “आजोबा, तुम्हाला गळा लागतो ना? मग ही बाई ऐका.” ती बाई म्हणजे फ्लोर यान्सेन ही डच गायिका, मंडळी फिनलंडची नाईटविश, आणि गाणे त्यांच्या २००४ सालच्या ‘वन्स’ या अल्बममधले ‘घोस्ट लव्ह स्कोअर’. नातवाने दाखवलेला प्रयोग २०१३ सालचा, जर्मनीतील वाकेन नावाच्या खेड्यात दर उन्हाळ्यात भरणाऱ्या मेटल-महोत्सवातला होता. आधीची गायिका दौरा अर्ध्यावर असताना दूर झाल्यामुळे फ्लोरबाई आदल्याच वर्षी ऐनवेळी कामावर रुजू झालेल्या. पण त्यांच्या चेहऱ्यावर हंगामी नेमणुकीचा संकोच औषधालाही नव्हता.

गाणे दहा मिनिटांचे आहे हे मी प्रथम पाहून घेतले, कारण अंदाजपत्रक पाहिल्यावाचून मी कशातही लक्ष घालत नाही. तिसऱ्या मिनिटाला मला वाटले, झाले. एवढ्यात गायक मंडळी बाजूला सरली आणि वाद्यवृंदाने असा काही स्वतंत्र कारभार आरंभला की मूळ गाणे कोणाच्या ताब्यात आहे हेच कळेना. तो संपतो न संपतो तोच गायकसमूह उसळला. समूह शांत होतो तोच गिटारी धावून आल्या. आणि आता शिलकीत काहीच उरलेले नसणार अशी माझी खात्री झाली असताना त्या बाईंनी शेवटच्या आवर्तनात सुराला मूळ चालीपेक्षाही वर नेऊन असे काही ठेवून दिले की, कोणत्याही पुरवणी मागणीला आयुष्यात कधी टाळी न दिलेले माझे हात आपोआप वर आले. नातू हसत होता. मी त्याला गंभीरपणे म्हणालो, “पुन्हा लाव. तपासणी अपुरी राहिली आहे.”

खर्च दिसला की त्याचे मूळ शोधायचे, ही माझी जुनी सवय. नाईटविशचे मूळ किटे या गावी आहे. फिनलंडच्या पूर्वेला, रशियाच्या सीमेनजीक, तळी आणि अरण्ये यांच्यामध्ये वसलेले सुमारे दहा हजार वस्तीचे हे गाव. १९९६ सालच्या जुलैत टुओमास होलोपाइनेन नावाचा तरुण मित्रांसमवेत शेकोटीपाशी बसला असता त्याच्या मनात आले की आपण एक छोटीशी मंडळी काढावी, साध्या गिटारी, थोडी बासरी, थोडी पेटीसारखी कळफलकाची साथ, आणि रात्री शेकोटीपाशी ऐकण्याजोगी मंद गाणी. योजना अत्यंत काटकसरीची होती आणि मी त्या गावचा हिशेबनीस असतो तर तिला तत्काळ मंजुरी दिली असती. परंतु गाण्यासाठी त्याने बोलावले गावातल्याच तार्या टुरुनेन या शास्त्रोक्त गायन शिकणाऱ्या मुलीला, आणि तिने तोंड उघडताच त्या साध्या गिटारी अशा काही बापुडवाण्या भासू लागल्या की त्या आवाजाला साजेल असा सरंजाम उभा करणे भाग पडले. प्रथम विद्युत्-गिटारी आल्या, मग ढोल आले, आणि काही वर्षांनी लंडनचा वाद्यवृंद आला. एका गळ्याच्या देखभालीसाठी एवढा फौजफाटा! राजवाड्यात हत्ती आल्यावर अंबारीचा, माहुताचा आणि उसाचा खर्च आपोआप मागून येतो. त्याला उधळपट्टी म्हणता येत नाही, परिणामी खर्च म्हणावे लागते.

पुढे २००७ साली ‘डार्क पॅशन प्ले’ हा अल्बम लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत वाद्यवृंद बसवून ध्वनिमुद्रित झाला, तेव्हा खर्चाचा आकडा पाच लाख युरोंच्या वर गेला. त्यातले पहिले गाणे जवळजवळ चौदा मिनिटांचे असून त्यात होलोपाइनेन महाशयांनी स्वतःच्याच मृत्यूची, नावासकट आणि सालासकट, नोंद करून ठेवली आहे. मयत इसमाने त्यानंतर पुढचे अल्बम कसे सादर केले, हा आक्षेप मी वहीत टिपून ठेवला आहे. खुलासा अद्याप आलेला नाही. त्याआधी २००५ च्या ऑक्टोबरात हेलसिंकीचा मोठा प्रयोग आटोपताच उरलेल्या चौघांनी तार्याबाईंना खुल्या पत्राने मंडळीतून दूर केले होते, आणि तो प्रयोग पुढल्या वर्षी ‘एंड ऑफ ॲन एरा’ या नावाने विक्रीसही आला. बडतर्फीच्या प्रसंगाचे चित्रीकरण करून त्यावर महसूल मिळवल्याचे माझ्या नोकरीतील हे एकमेव ज्ञात उदाहरण, आणि तेही निवृत्तीनंतर सापडले.

हे सर्व ऐकताना मला परकेपणा का वाटला नाही, याचे कारण नातवाला सांगूनही पटणार नाही. आमच्या पिढीचे कान संगीत नाटकाने घडवले आहेत. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांनी एकाच रंगभूमीवर उभे राहून केलेल्या संयुक्त ‘मानापमाना’ची कथा माझ्या वडिलांनी मला इतक्या वेळा सांगितली की तो प्रयोग मी स्वतः पाहिला असल्याचा भास मला अजून होतो. गंधर्व नाटक मंडळीचे भरजरी शालू, गालिचे आणि अत्तर यांच्यापायी झालेले कर्ज हा तर मराठी माणसाच्या अभिमानाचा विषय आहे. सावकाराच्या तगाद्यालाही ‘वन्समोअर’ देणारी आपली जात. ज्या रसिकाला नायिकेचे एक पद रात्री दोन वाजेपर्यंत चालले तरी कथानक खोळंबल्याची खंत वाटत नाही, त्याने चौदा मिनिटांच्या फिनिश गाण्याला लांबीचा दोष देणे हे शुद्ध कृतघ्नपणाचे होईल.

तरीही पूर्वदाखल्यावाचून मान डोलवणे माझ्या स्वभावात नाही, म्हणून मी मागचे दफ्तर उपसले. १९६९ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये डीप पर्पलच्या जॉन लॉर्डने आपली रॉक-मंडळी आणि रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंद यांना एकत्र बसवले होते. मेटॅलिकाने १९९९ साली सॅन फ्रान्सिस्को सिंफनीबरोबर तसेच केले. पण या दोन्ही ठिकाणी वाद्यवृंद पाहुणा होता. त्याला घरजावई करून घेण्याचे श्रेय ज्यांना द्यावे लागेल त्यांत स्वीडनच्या थेरियनचा क्रिस्टोफर योन्सन अग्रगण्य आहे. त्याच्या मंडळीने १९९६ साली ‘थेली’ या अल्बममध्ये गायकसमूहाला गाण्याचा कणा केले आणि मग मागे पाहिले नाही. मागे पाहिले नाही म्हणजे किती? २०१८ साली त्यांनी तीन तबकड्यांची, तीन तासांची ऑपेराच प्रसिद्ध केली. एक अप्रिय सत्य मात्र येथे नमूद करणे माझे कर्तव्य आहे. या मंडळ्या दौऱ्यावर निघतात तेव्हा वाद्यवृंद बहुधा घरीच राहतो आणि त्याचा आवाज तेवढा ध्वनिमुद्रित होऊन प्रवास करतो. हजेरीपटावर सत्तर, प्रत्यक्ष जागेवर सहा! सार्वजनिक बांधकाम खात्यात असे आढळले असते तर मी चौकशी लावली असती. येथे मी डोळे मिटून मान डोलवतो.

इटलीतील त्रिएस्त शहराच्या ऱ्हॅप्सडीकडे मी वळलो तो नाथमाधवांच्या ‘वीरधवला’वर पोसलेल्या बालपणाच्या ओढीने. या मंडळीने पाचूच्या तलवारीचा शोध १९९७ ते २००२ या काळात पाच अल्बमांतून चालवला. राक्षस, अरण्ये, प्रतिज्ञा, रणवाद्ये, काही म्हणजे काही शिल्लक ठेवले नाही. गद्य अद्भुतकथेला लाजणाऱ्या टीकाकारांनी त्यांच्याकडे जाऊ नये. हॉलंडच्या एपिकाचा मामला याहून गहन. मार्क यान्सेन या गिटारवादकाने संघटित धर्माच्या जाचावर एक गीतमालिका आफ्टर फॉरेव्हर या मंडळीत असताना २००० साली उघडली; पुढे ती मंडळी सोडून त्याने एपिका स्थापन केली, तेव्हा तेच प्रकरण त्याने नव्या कचेरीत वर्ग करून घेतले आणि जुनेच अनुक्रमांक पुढे चालवीत २००३ आणि २००७ च्या अल्बमांत निकाली काढले. दप्तरदारीचा असा नमुना आमच्या खात्यातही विरळा. फ्लोर यान्सेनबाई त्याच आफ्टर फॉरेव्हरमध्ये गात असत. आडनाव एक असले तरी त्या उभयतांत रक्ताचे नाते नाही, याची मी खातरजमा करून घेतली आहे. विदिन टेम्प्टेशन या मंडळीचा रॉबर्ट वेस्टरहोल्ट आणि डिलेन या मंडळीचा मार्टाइन वेस्टरहोल्ट हे मात्र सख्खे भाऊ आहेत, आणि त्यावर मी काहीही शेरा मारू इच्छीत नाही.

या सर्व दौलतजादेत माझ्या अंतःकरणाला जाऊन भिडलेली कृती वेगळीच आहे. २०१४ साली होलोपाइनेनने स्वतःच्या नावावर एक अख्खा अल्बम काढला, आणि त्याचा नायक कोण, तर स्क्रूज मॅकडक! दूरदर्शनवर माझी मुले ज्याला सोन्याच्या नाण्यांच्या तळ्यात सूर मारताना पाहत असत, तोच तो जगातला सर्वांत चिक्कू बदक. डॉन रोझा या चित्रकाराने चितारलेल्या त्याच्या चरित्रकथेवर ही गाणी बेतलेली असून मुखपृष्ठही रोझानेच रंगवले आहे. स्कॉटलंडमधले बालपण, सोन्यासाठी केलेली वणवण, म्हातारपणाचे एकटेपण, हे सारे होलोपाइनेनने तिळमात्र उपहास न करता, डोळ्यांत पाणी आणील अशा कारुण्याने मांडले आहे. कवडी-कवडी राखणाऱ्या जीवाची थोरवी जगातल्या अत्यंत खर्चिक संगीताने गावी! माझ्या खात्याने मला निवृत्तीच्या दिवशी एक नारळ, एक शाल आणि भिंतीवरचे घड्याळ दिले. बदकाला वाद्यवृंद मिळाला. हा अल्बम मी घरी कोणी नसताना ऐकतो.

वयाची सबब पुढे करणाऱ्यांसाठी माझ्याकडे सर क्रिस्टोफर ली यांचा दाखला आहे. ड्रॅक्युला म्हणून ज्यांनी जगाला घाबरवले त्या या नटाने २००४ साली ऱ्हॅप्सडीच्या अल्बममध्ये निवेदन केले. तेवढ्यावर समाधान न मानता २०१० साली सम्राट शार्लमेनवर सिंफनिक मेटलचा स्वतःचा अल्बम काढला, आणि त्याचा दुसरा भाग २७ मे २०१३ रोजी, म्हणजे आपल्या एक्क्याण्णवाव्या वाढदिवशी, प्रसिद्ध केला. त्यांच्या मानाने मी अजून उमेदवारीतच आहे. तेव्हा मार्क यान्सेनची ती गुरगुर आपल्यालाही साधावी, अशी आकांक्षा मला झाली तर त्यात नवल नाही. ती केवळ घसा फोडून निघत नाही. खऱ्या स्वरतंतूंच्या वर असणाऱ्या पडद्यांना कंप देऊन आणि पोटातून श्वास पुरवून ती काढतात, आणि जाणकार ती तासन्‌तास काढूनही दुसऱ्या दिवशी सुखाने बोलू शकतात, असे नातवाने मला समजावून सांगितले. सकाळी स्नानगृहाचे दार लावून, नळ मोठा सोडून, मी शार्लमेनच्या थाटात पहिला हुंकार दिला. दारावर लगेच थाप पडली.

“अहो, खोकला आहे की गाणं आहे, ते आधी सांगा,” बाहेरून सौभाग्यवतींचा आवाज आला. “खोकला असेल तर ज्येष्ठमध काढते, गाणं असेल तर कुकरची शिट्टी होईपर्यंत थांबा. शेजारच्या वहिनी काल विचारत होत्या, तुमच्याकडे पाहुणे कोण उतरलेत म्हणून.”