नो डिस्प्लेची कशेडी-मीमांसा

न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच एक डोंगर दाखवतात. डोंगरावर धूर दिसतो, म्हणजे तिथे आग असणार, हे अनुमान. तो डोंगर कशेडीचा नसावा. पोलादपूर सोडून खेडच्या दिशेने घाट चढू लागलं की भर पावसाळ्यात वर जे दिसतं ते धुकं. जुन्या नैयायिकांना ही अडचण ठाऊक होती. वाफेला धूर समजणं हा हेतूचाच दोष, असं त्यांनी बजावून ठेवलं आहे.

प्रस्तुत प्रबंधाचा पक्ष डोंगर नसून घाटाच्या पायथ्याचा, सातबारा आणि झेरॉक्स काढून देणाऱ्या दुकानातला डेस्कटॉप आहे. बटण दाबलं की दिवा लागतो, पंखा फिरतो, पडदा काळाच. शास्त्रात याला ‘नो डिस्प्ले’ म्हणतात. आमचं प्रतिपादन असं की या पंचक्रोशीत आषाढात नो डिस्प्ले झालेला संगणक बहुधा मेलेला नसतो, दमट झालेला असतो.

पूर्वपक्ष पुष्कळ आहेत. थापटवादी डब्याच्या कुशीत चापट मारतात. हसू नये; सैल रॅम त्याने क्षणभर नीट टेकते आणि यंत्र खरोखर सुरू होतं, म्हणून तर हा पंथ टिकला. मदरबोर्डवादी आल्या आल्या ‘मदरबोर्ड गेला’ म्हणून मोकळे होतात. त्यांच्याशी वाद घालू नये, दर विचारावा. सर्वांत उथळ पंथ फॉरमॅटवाद्यांचा. ज्या यंत्राने अजून हार्डडिस्ककडे ढुंकूनही पाहिलेलं नाही, त्याची विंडोज उडाली म्हणणं म्हणजे गाडी पोलादपूरला बंद पडली असताना खेडच्या स्टँडवर पाने-पक्कड घेऊन बसणं.

सिद्धान्ताकडे जाण्यापूर्वी मालकाची साक्ष काढावी. ती ठरलेली असते. ‘काल रात्रीपर्यंत चांगला होता ओ.’ कोणी हात लावला? ‘कोणी नाय.’ इथे अननुभवी माणूस स्क्रू ड्रायव्हर काढतो. जाणकार चहा येईपर्यंत थांबतो, कारण खरं प्रमाण चहाबरोबर येतं: ‘तसा दोन दिवस करंट नव्हता.’ हीच किल्ली. चालू डबा आतून उबदार राहतो, म्हणून ओल धरत नाही. वीज गेली की तो थंड पडतो, बाहेरची दमट हवा आत शिरते आणि रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर डोळ्यांना न दिसणारा थर बसतो. विजेचा प्रवाह तेवढ्यावर अडतो. (२२ जुलै २०२१ ला महाडच्या बाजारपेठेत पुराच्या चिखलात बुडालेले डबे या प्रकारात मोडत नाहीत, आणि त्यांच्यावर विनोदी प्रबंधही लिहिता येत नाही.)

आता यंत्राची स्वतःची साक्ष. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून प्रथा अशी की चालू होताच संगणकाने आधी आपली आपण तपासणी करावी आणि सगळं ठीक असल्यास एक आखूड बीप द्यावी. बिघाड असल्यास निराळी. पण संगीतासारखी इथेही घराणी आहेत. अवॉर्ड बायोसच्या घराण्यात एक लांब आणि दोन आखूड म्हणजे डिस्प्ले कार्डाचं दुखणं, तर सारख्या लांब बीप म्हणजे रॅम. एएमआय घराण्याची बंदिश वेगळी. कित्येक असेंबल डब्यांत तर तो चिमुकला स्पीकरच बसवलेला नसतो. तिथे साक्षीदार मुका असल्याने पुन्हा अनुमानाकडेच यावं लागतं.

उपचार शाळकरी पोराच्या कंपासपेटीतला. वायर काढावी, डब्याच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी. रॅमच्या दोन्ही टोकांच्या पांढऱ्या खिट्ट्या बाहेर लोटल्या की कांडी वर येते. पट्ट्यांवर पांढरं खोडरबर हलक्या हाताने, एकाच दिशेने फिरवावं. रबराची टोकं काळी होतात. हाच तो थर, आता प्रत्यक्ष प्रमाणात आलेला. चुरा झटकून, खाच जुळवून कांडी दाबावी. दोन्ही खिट्ट्यांचा ‘टक’ आला पाहिजे. एका टकावर समाधान मानणारे पुन्हा थापटवादात जातात.

एवढ्यानेही पडदा उजळला नाही तर एकेक भाग काढत जावं, आणि कोणता काढल्यावर यंत्राची वागणूक बदलते ते पाहावं. नैयायिकांच्या अन्वय-व्यतिरेकाला कशेडीत ‘काढून बघ’ म्हणतात. डिस्प्ले आला पण घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलं, तर तीन व्होल्टचा गोल सेल संपलेला. तो न बदलताच सरकारी पोर्टल उघडायला जाल तर ब्राउझर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणतो आणि सातबाऱ्यासाठी ताटकळलेलं गिऱ्हाईक नेटला शिव्या देतं.

एक प्रश्न मात्र शास्त्राला सुटलेला नाही. डब्याचं झाकण परत लावावं की नाही? लावणारा कोणी आढळत नाही. पुन्हा उघडावं लागणारच, तर स्क्रू कशाला, असं मेकॅनिकचं म्हणणं. मग त्या उघड्या कुशीतून ओल जाते, मुंग्या जातात, एखादी पाल उबेला जाऊन बसते, आणि डबा पुन्हा उघडावा लागतो. म्हणजे उघडावं लागतं म्हणून झाकण नाही, आणि झाकण नाही म्हणून उघडावं लागतं. नैयायिक याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात. मेकॅनिक याला सर्व्हिसिंग म्हणतो.