वळमध्ये शनिवार कसा पाळावा: नवशिक्यांसाठी

आधी अडचण समजून घ्या. तुम्ही राहता वळमध्ये, म्हणजे भिवंडीच्या ऐन गोदामपट्ट्यात. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत, कोणती कामं वर्ज्य याची यादी मिश्ना या ज्यू ग्रंथात आहे: ‘चाळीस उणे एक’. वाचली की वाटतं, लिहिणारा भिवंडीतच भाड्याने राहत असावा. सूत कातणं, ताणा लावणं, दोन धागे विणणं, गाठ मारणं, दोन टाके घालणं. इथे भिवंडीचे यंत्रमाग बंद. आणि शेवटचं, एकोणचाळिसावं काम? वस्तू एका हद्दीतून दुसऱ्या हद्दीत नेणं. वळही बंद.

कोकणात तेल गाळणाऱ्या बेने इस्राएल ज्यूंनी शुक्रवारी संध्याकाळी घाणा थांबवला की मुख्य काम झालं. गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ नाव दिलं ते त्यावरूनच. तुमच्या भिंतीवर मात्र बटणं आहेत, आणि यादीत विजेचं नाव नाही.

तेव्हा पहिला धडा: बटण दाबायचं नाही, यावर परंपरानिष्ठ रब्बींचं जवळपास एकमत आहे. का दाबायचं नाही, यावर मुळीच नाही.

घरात जुना पिवळा बल्ब असेल तर आगीचं कारण धरा. बायबलच्या निर्गम 35:3 मध्ये शब्बाथला विस्तव पेटवायला मनाई आहे, आणि लोखंड तापवणं ज्यू धर्मशास्त्री मैमोनिडीजने बाराव्या शतकातच विस्तवाच्या खात्यात टाकलं. बल्बमधली तार तापूनच उजळते. एलईडी लावलात की हे कारण बाद. मग लव्होवच्या रब्बी श्मेलकेस यांच्याकडे जा: सणाला कपड्यात सुगंध मुरवू नये, कारण नसलेलं काही निर्माण होतं, असं तालमूद हा ज्यू ग्रंथ सांगतो; तारेत प्रवाह आणणं त्यांना तसंच वाटलं. तेही पटलं नाही, तर हझोन इश नावाचे रब्बी म्हणतात, विजेचं मंडल पूर्ण करणं हे बांधकामच. 1935 साली तरुणपणी ‘मेओरे एश’ लिहिणाऱ्या जेरुसलेमच्या रब्बी आवरबाख यांनी ही कारणं एकेक तपासली आणि बरीचशी मोडीत काढली. मंडल दिवसभर उघडतं-मिटतं, दारासारखं. त्याला बांधकाम कसं म्हणायचं? एवढं सिद्ध करून त्यांनी सांगितलं काय, तर रूढी पडली आहे, पाळा. मला या सगळ्यात हाच माणूस सर्वात प्रामाणिक वाटतो.

आता कृती. शुक्रवारीच दिवे लावा, टायमर लावा, फ्रीजमधला बल्ब काढून ठेवा. दार उघडताच तो पेटतो आणि दोषी तुम्ही. लाईट गेली तर बसा. आपोआप आली तर खुशाल उजेडात जेवा. ज्यू नसलेल्या शेजाऱ्याने स्वतःसाठी दिवा लावला, तर त्या उजेडात तुम्हीही वाचू शकता. तुमच्यासाठी लावला तर नाही. ‘काय अंधार आहे हो!’ असं मोठ्याने पुटपुटणं हा तुम्हाला सुचलेला उपाय रब्बींनाही फार पूर्वी सुचला होता. जिवावर बेतलं असेल तर मात्र चर्चा नको: फोन करा, गाडी काढा, सगळी बटणं दाबा. तिथे न दाबणं हाच दोष.

शेवट तीन ताऱ्यांनी होतो. गोदामांच्या हॅलोजनमध्ये ते दिसायचे नाहीत. वेळ ठाण्याच्या सिनेगॉगमधल्या कुणा जाणत्याला विचारून ठेवा, पण शुक्रवारी. शनिवारी तो फोन उचलणार नाही, आणि तुम्हीही लावायचा नाही.