मुक्काम पोस्ट हद्दीवर

(रंगमंचावर एक घडीची खुर्ची. पांढरा सदरा, काळी टोपी, बगलेत फितीने बांधलेली फाईल अशा वेशात निवृत्त अव्वल कारकून प्रवेश करतात. खुर्ची दोनदा झटकून बसतात.)

सभ्य स्त्री-पुरुषहो, महसूल खात्यात ज्याची हयात गेली, त्या मनुष्यास सृष्टीतील कोणतीही वस्तू दिसली की ती कोणत्या सदराखाली नोंदवावी हा प्रश्न प्रथम पडतो. तिचे सौंदर्य वगैरे जे काही असेल ते मागाहून, सवडीने, आणि बहुधा निवृत्तिवेतन सुरू झाल्यावरच त्याच्या नजरेस येते. म्हणूनच आमचे जावईबापू ती कॅरॅव्हॅन नावाची भाड्याची गाडी पुण्याहून साताऱ्यास आमच्या दारात घेऊन आले, तेव्हा सौभाग्यवतींना आनंद झाला, शेजाऱ्यांना मत्सर झाला, आणि मला मात्र शंका आली. गाडीत दोन पलंग, शेगडी, फ्रीज, मोरी आणि... (आवाज खाली आणून) संडास! आता हिला वाहन म्हणावे, तर वाहनात कोणी आमटीला फोडणी देत नाही. घर म्हणावे, तर घर पेट्रोलपंपावर रांगेत उभे राहत नाही. शिवाय ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर आठला हिची नोंद कोणत्या गावी करायची आणि घरपट्टीची मागणी कोणत्या उंबऱ्यावर चिकटवायची?

जावईबापू म्हणाले, "बाबा, राज्य शासनाने 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं स्वतंत्र धोरण जाहीर केलंय." शासकीय धोरण म्हटल्यावर माझा विरोध संपुष्टात आला. धोरणाविरुद्ध मी उभ्या आयुष्यात बोललेलो नाही. फक्त फाईल थोडी खाली ठेवीत असे.

(उठून) जागेचा प्रश्न निघाला. सातारकर मनुष्य निवांतपणाच्या शोधात निघाला की त्याचे पाऊल आपोआप पश्चिमेस वळते. पण त्या बाजूस हल्ली निवांतपणा शोधणाऱ्यांचीच गर्दी इतकी झाली आहे की निवांतपणा बापडा केव्हाच बदली करून घेऊन गेला. तेव्हा पूर्वेस जावे असे ठरले. आमच्या जिल्ह्याची मौज अशी की एका टोकाला महाबळेश्वर, जिथे पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, आणि दुसऱ्या टोकाला माणदेश, ज्याच्या वाट्याला त्याचा जेमतेम दहावा हिस्सा येतो. म्हणजे एकाच कलेक्टरने एका हाताने छत्री धरावी आणि दुसऱ्या हाताने टँकरच्या मंजुरीवर सही करावी. त्या कोरड्या मुलखात, म्हसवड आणि दिघंची यांच्या दरम्यान, माण नदीवर इंग्रजी अमदानीत बांधलेला राजेवाडीचा विस्तीर्ण तलाव आहे.

प्रस्थान झाले. गाडीत शेगडी असताना सौभाग्यवतींनी आपली शेगडी घेतली. भांडी असताना भांडी घेतली. आणि खलबत्ता का घेतला, हे विचारण्याची माझी छाती झाली नाही. पुण्याहून येताना शिस्तीत बसलेली ती कपाटे वर्धनगडच्या घाटात दुसऱ्याच वळणाला आपण होऊन उघडली, आणि वरच्या फळीवरचा शेंगदाण्याच्या कुटाचा डबा, झाकण आधी व मजकूर मागाहून अशा क्रमाने, गाडी हाकणाऱ्या जावईबापूंच्या मस्तकावर रिता झाला. (हाताने डोक्यावरून कूट झटकल्याचा अभिनय) पुसेगाव गेले, दहिवडी गेली, गोंदवल्यास महाराजांचे दर्शन झाले, तरी त्यांच्या भुवयांवर कूट होताच. जावयाला रागावता येत नाही आणि सासूला हसता येत नाही. या दोन कायदेशीर अडचणींमुळे गाडीत कमालीची शांतता होती.

तलाव मात्र पाहण्यासारखा! पाणी मागे सरलेले, काठाची काळी माती पायाच्या अंगठ्याएवढ्या भेगांनी चिरफाळलेली, बाभळीच्या सावलीत सावली कमी आणि काटे अधिक, आणि उथळ पाण्यात एक बगळा एका पायावर असा उभा, की वरिष्ठांनी बोलावून बसा म्हणायचे राहून गेले असावे. मी क्षणभर मोहित झालो. पण लगेच अंतःकरणातला कारकून जागा झाला. कारण या तलावाचे दफ्तर विलक्षण आहे. भिंत राजेवाडीस, म्हणजे तालुके आटपाडी, जिल्हे सांगली. पाण्याचा फुगवटा वर माण तालुक्यात, म्हणजे जिल्हे सातारा. आणि कालव्याचे पाणी पार सोलापूरच्या सांगोल्यापर्यंत! पूर्वी आटपाडी औंध संस्थानात होती, म्हणजे हद्द ओलांडली की राज्यच बदलत असे. आमची गाडी नेमकी कुठे उभी आहे? पुढची चाके सांगलीत आणि मागची साताऱ्यात असतील, तर सौभाग्यवती कोणत्या जिल्ह्यात भाकऱ्या थापीत आहेत आणि जावईबापू कोणत्या जिल्ह्यात घोरत आहेत?

रात्री डास आले. त्यांना हद्द ठाऊक नव्हती. खिडक्या लावल्या, दार लावले, आणि आम्ही त्या पेटीत घामाघूम होऊन बसलो. औंधच्या पंतप्रतिनिधींच्या संस्थानाने याच आटपाडीजवळ 1939 साली स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची मुक्त वसाहत वसवली. तिला भिंती नाहीत. शांतारामबापूंनी तिच्यावरून 'दो आँखें बारह हाथ' काढला. म्हणजे पलीकडे शिक्षा झालेले लोक मोकळ्या हवेत, आणि अलीकडे निरपराध आम्ही, भाडे भरून, आतून कडी लावून!

(खुर्ची पुढे ओढून) सकाळी दार उघडतो तो समोर अर्धे गाव. रथाच्या दिवशी म्हसवडला सिद्धनाथापुढे दाटी व्हावी तशी गर्दी. फक्त खोबरे-गुलालाची उधळण तेवढी नव्हती. पुढे एक वृद्ध मेंढपाळ. खांद्यावर घोंगडे, मागे घोड्यावर लादलेला अवघा संसार: पाल, भांडी, करडू आणि नातू. त्याने गाडीला एक प्रदक्षिणा घातली.

"पावणं, ह्यातच चूल?"

"होय."

"आन् ह्यातच... परसाकडं?"

"होय."

"चुलीपास्नं किती लांब?"

जावईबापूंनी हात पसरून अंतर दाखवले. हात पुरते पसरावे लागले नाहीत. वृद्धाने डोळे मिटून घेतले.

"आन् त्ये जातं कुठं?"

"खाली टाकी आहे. ती भरली की नेऊन रिकामी करायची."

"कुठं?"

(सावकाश) प्रेक्षकहो, हाच तो प्रश्न, जो मी रात्रभर मनातल्या मनात तीन जिल्ह्यांकडे अभिप्रायार्थ पाठवीत होतो! जावईबापूंनी खुलासा केला की गाडी मालकाला परत करताना टाकी रिकामी नसेल, तर करारान्वये दंड.

वृद्धाने घोंगडे सावरले. "आमची मेंढरं रातभर येखाद्याच्या रानात बसवली, तर खताचं म्हनून रानाचा मालक आमाला पैसं देतो, वर ज्वारी देतो. आन् तुमी जवळचं देऊन वर दंड भरता व्हय?"

इतका मुद्देसूद तोंडी आक्षेप नोकरीत माझ्यापुढे कधी आला नव्हता. मी जावईबापूंकडे पाहिले. जावईबापूंनी सौभाग्यवतींकडे पाहिले. सौभाग्यवती खलबत्त्यात काहीतरी जोराने कुटू लागल्या. तेव्हा मी फाईल उघडली, (फीत सोडतात, लेखणी काढतात) आणि शेरा मारला: "प्रस्तुत बाब धोरणात्मक असल्याने जावईबापूंनी समक्ष स्थळपाहणी करून, टाकीसह, अहवाल सादर करावा." (सही करतात, फाईल विंगेत भिरकावून लगबगीने विरुद्ध बाजूने निघून जातात.)

(पडदा)