भिंत निर्दोष आहे, शेठ

रा. रा. इंटरनेटवाले शेठ यांस,
स. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुमचा फोन लागत नाही आणि तुमच्या ॲपवर तक्रार नोंदवायला जे नेट लागतं ते तुमचंच आहे. म्हणून ही जुनी वाट धरली.

आधी अभिनंदन. वाईसारख्या गावात, गंगापुरीतल्या आमच्या वाड्याच्या दारापर्यंत तुम्ही शंभर एमबीपीएस आणून दाखवलेत. दारापर्यंत! नवरदेवाला मांडवाच्या दाराशी उतरवून वरात परत फिरावी, तसे तिथूनच तुम्ही परत फिरलात.

जोडणीला आलेला तुमचा मुलगा गुणी होता. चपला बाहेर काढल्या, चहाला नाही म्हणाला नाही. फक्त त्याच्याजवळची वायर ओटीवर, लाइटच्या मीटरपाशी संपली, आणि वायर संपते तिथे राउटर बसवायचा हे तुमच्याकडचं वास्तुशास्त्र. एका बाजूला मीटर, दुसऱ्या बाजूला लोखंडी कपाट, तोंड रस्त्याकडे. परिणामी समोरच्या पिठाच्या गिरणीत आमचं वायफाय फुल रेंज दाखवतं. गिरणीवाले काका पासवर्ड मागायला आले. दिला. कुणाच्या तरी कामी येऊ दे.

मग मुलानं राउटरला जवळजवळ मिठी मारून स्पीड टेस्ट केली, ९६ आलं, स्क्रीनशॉट काढला आणि तो गेला. तो स्क्रीनशॉट तुमच्या दप्तरी 'ग्राहक समाधानी' म्हणून असेल. आत माजघरात काटा सातावर आणि देवघरात दीडाच्या खाली. जानेवारी २०२३ पासून सरकारी व्याख्येप्रमाणे किमान २ एमबीपीएस असेल तरच त्याला ब्रॉडबँड म्हणायचं. म्हणजे या हिशेबानं आमच्या देवघरात ब्रॉडबँड नाही. देवांची तक्रार नाही, सासूबाईंची आहे. त्यांचं कीर्तन आख्यान रंगात आलं की गोल गोल फिरायला लागतं.

माझं ऑफिस पुण्यात, काम घरून. मीटिंगसाठी माडीवरची खोली रंगवून घेतली होती. आता मी ओटीवर, उंबऱ्याला टेकून बसते, कारण तुमचे शंभर तिथेच मिळतात. परवा आमच्या साहेबांनी नव्या प्रकल्पाचा आराखडा मांडला आणि नेमका त्याच क्षणी रस्त्यावरून 'ए भंऽगाऽर' अशी आरोळी आली. माझा माइक चालू होता. साहेब अजून माझ्याशी जपून बोलतात.

या सगळ्यावर तुमचं उत्तर ठरलेलं: "मॅडम, जुनं घर आहे. भिंती जाड आहेत."

आहेत ना! दोन हात जाड आहेत. खाली दगड, वर विटा, मध्ये माती. जूनपासून त्या पाणी पितात, आणि ओली भिंत वायफायच्या लहरी कोरड्या भिंतीपेक्षा जास्त गिळते हेही मला मान्य. पाच गिगाहर्ट्झची लहर जेमतेम सहा सेंटिमीटरची. ती ज्या खोलीत जन्मते तिथेच संपते. २.४ ची त्याहून लांब, म्हणून ती भिंतीतून थोडीफार पार जाते, पण त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि आळीतली सगळी घरं त्याच तिघांवर. हे सगळं मी वाचून काढलंय, शेठ. रात्री, उंबऱ्यावर बसून.

पण माझा प्रश्न साधा आहे. तुम्ही जोडणीचे पैसे घेतलेत त्या दिवशी ही भिंत इथेच होती ना? की तुमचा मुलगा गेल्यावर आम्ही रातोरात बांधली?

भिंतीवर उपाय म्हणून तुम्ही मला 'बूस्टर' विकलात. तो लावलात माजघरात, म्हणजे सिग्नल जिथे आधीच शेवटचे आचके देत होता तिथे. आता तो तेच आचके पुढे कळवतो. त्यातही तो एकाच रेडिओवर ऐकणार आणि त्याच रेडिओवर बोलणार, म्हणजे उरलेला वेगही अर्ध्यावर. फोनवर मात्र रेंजच्या सगळ्या काड्या दिसतात. त्या काड्यांचे तुम्ही किती घेतलेत ते बिलात आहे.

आता वाड्याची बाजू ऐका. इतके दिवस त्याच्यावर एकतर्फी खटला चालू आहे. आमच्या घराला मधोमध चौक आहे. चौकात भिंत नसते. राउटर माडीवर चौकाकडच्या खिडकीत ठेवला तर समोरचं स्वयंपाकघर आणि पडवी त्याला थेट दिसतात. माडीखाली कडीपाट आहे. सागाच्या त्या फळ्या लहरींना दगडासारख्या अडवत नाहीत. देवघर बरोबर त्या फळ्यांखाली येतं. उरलं माजघर. तिथे दुसरा डबा लावायचा, पण हवेतून उसना सिग्नल घेणारा नव्हे, लॅनची वायर थेट जोडलेला. ती वायर शंभर मीटरपर्यंत वेग कमी न करता जाते. आमचा वाडा एवढा मोठा नाही. असता तर मी नोकरी केली नसती.

आणि ज्या भिंतीला भोक पाडणं 'शक्य नाही' असं तुम्ही सांगता, तिला भोक आहे. टेलिफोन खात्याच्या माणसानं काळ्या डबड्या फोनसाठी ते पाडलं होतं, तेव्हा तुमची कंपनी जन्मालाही आली नव्हती. त्यात आता एक मृत तार आणि कोळ्याचं जाळं आहे. दोन्ही काढायला माझी हरकत नाही.

रस्त्यावरून येणाऱ्या तुमच्या फायबरचं तर काय सांगावं. विजेच्या खांबावरून चिंचेवर, चिंचेवरून आमच्या गणेशपट्टीच्या खिळ्यावर. त्या खिळ्याला वायरचे तीन वेढे आणि वर गाठ. आत जी काच आहे तिची जाडी १२५ मायक्रॉन, प्रकाश जातो तो गाभा नऊएक मायक्रॉनचा. साध्या फायबरला तीन सेंटिमीटरपेक्षा लहान त्रिज्येचं वळण सोसत नाही, प्रकाश बाहेर निसटतो. आणि तुमचा वेढा माझ्या करंगळीएवढा. पाऊस आला, माकडानं उडी मारली, खिळ्यावरचा ताण वाढला, की राउटरवर लाल दिवा. मग मुलगा येतो, मीटर लावतो, "पॉवर उणे अठ्ठावीस येतेय, जॉइंट मारावा लागेल" म्हणतो, नवा जॉइंट मारतो आणि वायर पुन्हा त्याच खिळ्याला गुंडाळतो. त्या खिळ्यावर तुमची श्रद्धा असावी.

गंमत पाहा. मराठी विश्वकोश याच गावात तयार झाला, पहिला खंड १९७६ चा. आता तो जगात कुठेही मोबाइलवर उघडतो. आमच्या माजघरात नाही उघडत. कपाटात खंड आहेत, त्यांना रेंज लागत नाही. पण मुलीनं शाळेच्या प्रकल्पासाठी ते उघडले तेव्हा तिच्या मैत्रिणींना वाटलं आम्ही फार संस्कारी आहोत.

आता मुद्द्याचं. तक्रार केली की डॉकेट नंबर द्यावा लागतो आणि निवारण झालं नाही तर ग्राहकाला अपिलात जाता येतं, हे ट्रायच्या २०१२ च्या नियमांत आहे. तुमच्या हेल्पलाइनवरची ताई मला नंबर देण्याऐवजी राउटर बंद करून चालू करायला सांगते. पुढच्या वेळी मी आधी नंबर घेईन, मग बटण दाबीन.

तोवर रविवारी माणूस पाठवा. शिडी आमची. लॅनची वायर, क्लिपा आणि एक ॲक्सेस पॉइंट त्यानं आणावा. पैसे रोख देते, बूस्टर परत घेऊन जावा. तुळईला खिळा ठोकायचा नाही, क्लिप चिकटवायची. गणेशपट्टीवरचा तो खिळा मात्र जरूर उपटून न्यावा. आणि बिलावर १८ टक्के जीएसटी लावा, तो आम्ही भरतोच. फक्त 'जाड भिंत आकार' असा नवा रकाना काढू नका.

कळावे,
गंगापुरीतल्या उंबऱ्यावरची तुमची ग्राहक