शी बाई, काय हे! आणि मग पुढे काय झालं?

जुलै आला की चांगल्या घरातली माणसं बिघडतात. संध्याकाळी चारनंतर फोन उचलत नाहीत, रात्री नवाच्या आत पानावर बसत नाहीत. ज्यांना कोपऱ्यावरची कोथिंबीर स्कूटरशिवाय आणवत नाही, ती मंडळी आल्प्समधल्या कुठल्या घाटाचा चढ किती टक्क्यांचा, हे तोंडपाठ म्हणून दाखवतात. कारण एकच, तूर द फ्रान्स. तीन आठवडे, एकवीस टप्पे, साधारण साडेतीन हजार किलोमीटर. लांबून बघणाऱ्याला वाटतं, वा, किती निरोगी नाद! निरोगी कसला डोंबलाचा? तिथे जी लबाडी, उसनवारी आणि रुसवेफुगवे चालतात, ते रात्रीच्या मालिकेत दाखवले तर सासवासुद्धा म्हणतील, जरा अतीच होतंय.

आणि या सगळ्या भानगडींचं मूळ काय, तर वारा. सपाट रस्त्यावर सायकल ताशी चाळीसच्या वर पळू लागली की स्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यातच खर्च होते. पण पुढच्याच्या मागच्या चाकाला वीतभर अंतर ठेवून चिकटलं, की कष्ट एकदम हलके होतात. मोठ्या घोळक्याच्या, म्हणजे पेलोटॉनच्या पोटात शिरलं, तर विचारूच नका. झालं! जो पुढे राहून राबतो तो दमतो, आणि जो मागे आयता बसतो तो शेवटच्या दोनशे मीटरला ताजातवाना बाहेर पडून बाजी मारतो. एकट्याने जिंकणं जवळजवळ अशक्य, आणि जिंकणार मात्र एकटाच. म्हणून वैऱ्याशी भागीदारी करायची आणि ती नेमकी कधी मोडायची याचा हिशेब मनातल्या मनात करत राहायचं. आता अशा धंद्यात माणूस सरळ राहील कसा?

ब्रेकअवेचंच घ्या. चार संघांचे चौघे घोळक्यातून निसटतात, पाळीपाळीने पुढे येऊन वारा खातात. शंभर किलोमीटर कसा सख्ख्या भावांसारखा कारभार! शेवटचे पाच किलोमीटर उरले की प्रत्येकाला एकदम दम लागतो. पुढचा कोपर हलवतो, म्हणजे "ये, तुझी पाळी". मागचा खाली मान घालून स्वतःच्या पेडलकडे असा टक लावून बघतो, जणू आयुष्यात पेडल प्रथमच पाहतोय. खांदे पाडतो, तोंड वेडंवाकडं करतो, मरायला टेकल्याचं सोंग आणतो. आणि दोन मिनिटांनी तोच पठ्ठ्या बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो.

संघातली वागणूक तर त्याहून कहर. आठ जणांचा संघ, त्यातले सात बहुतेक वेळ एका नेत्यासाठी राबणार. मागे संघाच्या गाडीपाशी जायचं, पाण्याच्या बाटल्या पाठीच्या खिशात, गळ्यापाशी, जर्सीत कोंबायच्या आणि पोत्यासारखं फुगलेलं अंग घेऊन पुन्हा पुढे यायचं. नेत्याचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून द्यायचं. त्या बाटल्या घेतानाही हातचलाखी असते, बरं का! गाडीतला माणूस बाटली देतो, स्वार घेतो, आणि दोघंही ती सोडत नाहीत. गाडी चालूच, स्वार फुकटात ओढला जातोय. पंच कधी दंड करतात, कधी काचेतून डोंगर बघतात.

हे आजकालचं नाही हो, मुळातच बिघडलेलं आहे. शर्यत सुरू झाली 1903 मध्ये, आणि दुसऱ्याच वर्षी पहिल्या चारही क्रमांकांना फसवणुकीबद्दल बाद करावं लागलं. विजेतेपद गेलं पाचव्या आलेल्या आँरी कोर्नेला, वय वर्षं एकोणीस. पोराने फार काही केलं नाही म्हणून जिंकला म्हणायचा.

मग जाक आँकतिल आणि रेमों पुलिदोर. दोघांपायी सगळ्या फ्रान्समध्ये दोन तट पडले. 1964 मध्ये पुय द दोम या ज्वालामुखीच्या चढावर दोघं खांद्याला खांदा घासत चढले. आँकतिल आतून पुरता संपला होता, पण मागे बसला तर पुलिदोरला कळेल, म्हणून पठ्ठ्या मुद्दाम शेजारी राहिला. पुलिदोरला वाटलं, अजून दम आहे गड्यात! कळलं तेव्हा उशीर झाला होता. शेवटी निसटून त्याने काही सेकंद काढले, पण पिवळी जर्सी, म्हणजे एकूण वेळेत पहिला असल्याची खूण, आँकतिलकडेच राहिली आणि पॅरिसला तो 55 सेकंदांनी जिंकला. पुलिदोर तीनदा दुसरा, पाचदा तिसरा आला. पिवळी जर्सी मात्र एक दिवससुद्धा अंगाला लागली नाही. ती घातली त्याच्या नातवाने, मॅथ्यू व्हॅन डर पूलने, 2021 मध्ये. आजोबा दोन वर्षांपूर्वीच गेले होते. इथे माझा आवाज जरा बसतो, पण ते सोडा.

कारण पुढचं ऐका. 1985 मध्ये बर्नार इनोला पाचवी तूर जिंकायची होती. त्याच्याच संघातल्या ग्रेग लेमाँडने स्वतःची संधी आवरून त्याला साथ दिली. इनोने चारचौघांत शब्द दिला, पुढच्या वर्षी मी तुझ्यासाठी. आणि 1986 मध्ये? डोंगर लागताच हा बाबा लेमाँडला मागे टाकून पळाला! एकदा नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा. वर खुलासा काय, तर मी प्रतिस्पर्ध्यांना दमवत होतो. पुढे आल्प द्युएझच्या माथ्यावर दोघं हातात हात घालून हसत रेषा ओलांडतात, कॅमेरे खचाखच, आणि नंतर हाच म्हणतो शर्यत अजून संपलेली नाही. अखेर लेमाँडच जिंकला, पण भल्या माणसाची झोप उडाली.

यांच्याकडे शिष्टाचारही आहेत, बरं का. पिवळ्या जर्सीवाला लघवीला थांबला तर हल्ला करायचा नाही. तो पडला किंवा सायकल बिघडली तर थांबायचं. 2010 मध्ये पिरेनीजच्या चढावर अँडी श्लेकची चेन उतरली आणि आल्बेर्तो काँतादोर निघून गेला. त्या दिवशी 39 सेकंद मिळवले, आणि पॅरिसला फरक किती? नेमका 39! संध्याकाळी त्याने व्हिडिओवर माफीही मागितली. पुढे उत्तेजकाच्या प्रकरणात विजेतेपद काढून घेतलं आणि श्लेकला दिलं, पण तो वाद काही मिटला नाही. उलट 2022 मध्ये उतारावर तादेइ पोगाचार घसरला, तर योनास विंगेगोर थांबला. पोगाचारने येऊन हात मिळवला. किती गोड! आणि मग त्याच दिवशी ओताकामच्या चढावर विंगेगोर आणि त्याच्या संघाने त्याच पोगाचारला पार सोलून काढलं. सभ्यपणा आपल्या जागी, धंदा आपल्या जागी.

पण सगळ्यात लाजिरवाणं प्रकरण 2023 च्या स्पेनच्या वुएल्ता शर्यतीचं. सेप कुस हा स्वभावानेच मदतनीस. त्याच वर्षी मे महिन्यात प्रिमोझ रोग्लिचला इटलीची जीरो शर्यत आणि जुलैत विंगेगोरला तूर जिंकून द्यायला हाच राबला. वुएल्तात त्याला लाल जर्सी, म्हणजे तिथली 'पिवळी', मिळाली. आता त्याच्याच संघातल्या या दोघांनी त्याची पालखी उचलायची की नाही? आंग्लिरूच्या भयानक चढावर दोघंही त्याला सोडून पुढे निघून गेले! बिचारा कुस परक्या संघातल्या मिकेल लांडाच्या चाकामागे लटकत वर पोहोचला. घरचे पळाले आणि शेजाऱ्याने हात दिला! जर्सी आठ सेकंदांनी वाचली. मग जगभर असा गिल्ला झाला की दोघांना मुकाट्याने त्याच्यासाठी राबावं लागलं, आणि कुस जिंकला.

हे लोण इथेही आलंच आहे. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट मारणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणून आपण फार आधीपासून मिरवत आलो आहोत. जानेवारी 2026 मध्ये तर पुण्यात आंतरराष्ट्रीय टप्प्यांची शर्यत झाली आणि पुणेकरांनी त्या निमित्ताने गुळगुळीत रस्ता म्हणजे काय ते पाहिलं. आता घरोघरी "चाक धरून बसू नकोस" असं एकमेकांना ऐकवतात.

आणि चाक धरून बसल्याने काय होतं? 2025 ची जीरो बघा. एकवीस वर्षांचा इसाक देल तोरो गुलाबी, म्हणजे तिथल्या पहिल्या क्रमांकाच्या, जर्सीत, मागोमाग रिचर्ड कारापाझ, तिसरा सायमन येट्स. फिनेस्त्रेच्या घाटाच्या आदल्या दिवशी येट्स एक मिनिट एकवीस सेकंद मागे. घाटात तो निघाला. बाकी दोघं एकमेकांकडे बघत राहिले. देल तोरोचं म्हणणं, दुसरा नंबर वाचवायचा तर कारापाझने ओढावं. कारापाझचं म्हणणं, जर्सी तुझी, तू ओढ. वर माथ्यापलीकडे येट्सच्या संघाचा वाउट व्हॅन आर्ट आधीपासून पुढे पाठवून ठेवलेला होता. त्याने येट्सला खोऱ्यातून ओढून नेलं. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. येट्स पाच मिनिटांहून जास्त अंतराने पुढे पोहोचला आणि जीरो घेऊन गेला, तीही जिथे 2018 मध्ये गुलाबी जर्सीतच त्याचा फज्जा उडाला होता त्या घाटावर.

चूक कोणाची म्हणाल, तर हिशेबाने दोघंही बरोबर. पुढे राबला असता तर दुसरा जिंकला असता. तो जिंकू नये म्हणून दोघांनी मिळून स्वतःची हार विकत घेतली, आणि तीही डोळे उघडे ठेवून! असलं काही सुसंस्कृत माणसाने बघू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. निदान सपाटीचे टप्पे तरी.