दुसऱ्याच्या आधारची राखण

"लिनक्सला व्हायरस लागत नसतेत, काका."

तलवाड्यातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात बसलेल्या पोराचं हे वाक्य. अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी हे लिहितोय.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट थांबले. दुकानातला जुना संगणक विंडोज ११ च्या अटींत बसेना. पोरानं त्यावर लिनक्स मिंट टाकलं. पैसा लागला नाही, मशीन पळायला लागलं, आणि क्रॅक केलेल्या विंडोजवर लोकांची कामं करण्यापेक्षा हे हजार पटीनं बरं. मी त्याला मनापासून शाबासकी दिली.

तेवढ्यात एका गिऱ्हाइकानं पेनड्राइव्ह पुढं केला. "घरच्या कम्प्युटरवर उघडला की नुसते शॉर्टकटच दिसतेत." हा शॉर्टकट व्हायरस झेरॉक्सवाल्यांच्या चांगलाच ओळखीचा. तो खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे खोटे शॉर्टकट समोर ठेवतो. टिचकी मारली की तोच चालू होतो. मिंटवर पेनड्राइव्ह लावला तर लपवलेले फोल्डर सरळ समोर आले, शेजारी ते खोटे शॉर्टकट निर्जीव पडलेले. विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्राम इथं आपसूक चालत नाही, आणि सिस्टीममध्ये काही घुसवायचं तर आधी पासवर्ड द्यावा लागतो. पोरानं दोन पानं छापून दिली आणि पेनड्राइव्ह होता तसा परत केला.

तिथंच मी त्याला थांबवलं. तुझं मशीन वाचलं रे, पण तो पेनड्राइव्ह आता शाळेत जाईल, नाहीतर एखाद्या कार्यालयात. तिथं विंडोज आहे. आपल्याला न लागलेला ताप आपण दुसऱ्याच्या घरी पोचवायचा का? लिनक्सवर अँटीव्हायरसचं खरं काम हे असं, दुसऱ्याकरता आहे. क्लॅमएव्ही नावाचं अँटीव्हायरस फुकट आहे, मिंटच्या भांडारातूनच मिळतं. आधी व्हायरसची यादी ताजी करायची, मग पेनड्राइव्ह तपासायचा. घरी एकट्यानं लिनक्स वापरणाऱ्याला ते नसलं तरी भागतं. पण दिवसभर गावाचे पेनड्राइव्ह हाताळणाऱ्या दुकानात ते हवंच.

आता त्याहून मोठी गोष्ट. त्याच्या मशीनवरचा डाउनलोड्सचा फोल्डर मी उघडायला लावला. आधार, पॅन, बँकेचं पासबुक, सातबारा, फोटो, पुन्हा आधार. माऊस फिरवून बोट दुखलं तरी यादी संपेना. आपला भाग ऊसतोडीचा. दिवाळीच्या आगेमागे कुटुंबं कारखान्यांकडं निघतात आणि निघण्याआधी कागदांची धावपळ इथंच उरकतात. माणसं फडात कोयता चालवतात, त्यांचे कागद मात्र सहा-सहा महिने या दुकानात उघडे पडून असतात.

लिनक्सचा पासवर्ड या फोल्डरला राखत नाही. हे नीट समजून घ्या. तो पासवर्ड सिस्टीम राखतो. आपण स्वतः चालवलेला एखादा खोटा प्रोग्राम आपल्याच हक्कानं चालतो. आपल्याला जी फाईल उघडता येते ती त्यालाही येते, बाहेर पाठवताही येते, आणि त्यासाठी पासवर्ड विचारलाच जात नाही. सिस्टीम धडधाकट राहते आणि गावाचे आधार बाहेर जातात.

असे खोटे प्रोग्राम येतात कुठून, हेही पोरानं विचारलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये खुद्द लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसून चोरांनी डाउनलोडची लिंक बदलली होती. लोकांनी मागचं दार ठेवलेलं मिंट आपल्या हातानं उतरवून घेतलं. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या साध्या, जवळपास सगळीकडं वापरल्या जाणाऱ्या साधनात तसंच चोरदार सापडलं. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढंच खटकलं, म्हणून ते उघडकीला आलं. कोड सगळ्यांसमोर उघडा असतो हे लिनक्सचं बळ खरं, पण तो पाहणारा कुणी असावा लागतो.

दूर कशाला, सगळ्यांच्या खिशातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. त्याच फोनवर व्हॉट्सॲपनं लग्नपत्रिका म्हणून एपीके, म्हणजे ॲप बसवणारी फाईल येते, माणूस ती हौसेनं बसवतो आणि खातं रिकामं होतं. तिथं गाभा कमी पडत नाही. दार आपणच उघडून दिलेलं असतं. आणि २०२३ मध्ये आपल्या संरक्षण मंत्रालयानं उबुंटूवर आधारलेली 'माया' ही प्रणाली घेतली, तेव्हा तिच्या जोडीला 'चक्रव्यूह' नावाची संरक्षक यंत्रणाही बसवायला घेतली. लिनक्स आहे म्हणून ते निर्धास्त बसले नाहीत.

दुकानाला एवढ्या बंदोबस्ताची गरज नाही. त्या संध्याकाळी आम्ही तासाभरात उरकलं ते असं: मिंटमध्ये फायरवॉल आधीपासून असते पण बंद असते, ती सुरू केली. राहिलेले अपडेट घेतले. गिऱ्हाइकाच्या कामाला वेगळं खातं काढलं, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड काढून टाकले. यूट्यूबवर कुणीतरी सांगितलेल्या ओळी टर्मिनलमध्ये चिकटवायच्या नाहीत, प्रोग्राम मिंटच्या भांडारातूनच घ्यायचा, एवढं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. आणि मशीन चोरीला गेलं तर? पुढच्या वेळी मिंट नव्यानं टाकताना डिस्क एन्क्रिप्ट करायचा पर्याय निवड म्हणालो. बंद मशीनमधली डिस्क काढून नेली तरी पासवर्डावाचून कागद वाचता येणार नाहीत.

राहिला तो फोल्डर. पोराचा हात माऊसवर थबकला.

"काका, माणसं फडावरून आल्यावर पुन्हा मागतील की."

"पुन्हा आणतील. मूळ कार्ड त्यांच्याजवळ आहे ना?"

"हाव, ते हाय."

त्यानं सगळ्या फाईली निवडल्या, डिलीट केल्या. मग स्वतःहूनच कचरापेटी उघडली आणि तीही रिकामी केली.